पंचांचा काडीमोड आणि बौद्ध कुटुंब



धम्मदीक्षा घेताना आपण देव्हाऱ्यातील देव विसर्जित केले, उपासतापास सोडले, जातीचे नाव टाकले. परंतु एखाद्या घरात संसार मोडण्याची वेळ आली की आपली पावले कोठे वळतात? जातीच्या पंचांकडेच! चार पुरुष एकत्र बसतात, मुद्रांकाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या जातात, मुलीची सही किंवा अंगठा घेतला जातो आणि ‘काडीमोड झाला’ असे जाहीर होते. देव गेले, पंच मात्र राहिले. ही गोष्ट धम्माला शोभणारी नाही आणि कायद्याच्या कसोटीस सहसा उतरणारीही नाही.

आपण हिंदू नाही, म्हणून हिंदू विवाह कायदा आपणांस लागू नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. १९५५ च्या त्या कायद्याचे कलम २ बौद्धांना तो स्पष्ट शब्दांत लागू करते. म्हणूनच दोघांनी वा एकाने धम्मदीक्षा घेतल्याने पूर्वीचा विवाह तुटत नाही. कायद्याचे नाव आपणांस खटकते, हे खरे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणीही रास्त आहे. परंतु तो होईपर्यंत हातातील हक्क सोडणे शहाणपणाचे नव्हे. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडविले गेले, हे १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते. त्या हक्काची किंमत आपणच ओळखली नाही, तर कोण ओळखणार?

कोणी म्हणेल, रूढीने होणारा काडीमोड कायद्याने मान्य केलेला आहे. होय, कलम २९ ने रूढीचा तो अपवाद राखला आहे. परंतु अशी रूढी आपल्या समाजात प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे, हे तिचा आधार घेणाऱ्यालाच पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे पुन्हा बजावले आहे. आता विचार करा, ज्या जातीचा आपण त्याग केला, तिचीच रूढी न्यायालयात कोणत्या तोंडाने सांगावयाची? आणि ती सिद्ध न झाल्यास? पहिला विवाह कायम ठरतो आणि दुसरा रद्दबातल होतो. कलम १६ मुळे मुले औरस ठरतात, परंतु जिने विश्वासाने दुसरा संसार मांडला, ती पत्नी म्हणून उभी राहू शकत नाही. कागद पंचांचा, शिक्षा मात्र स्त्रीला!

खरा मार्ग अवघड नाही. दोघांची संमती असेल आणि एक वर्ष विभक्त राहणे झाले असेल, तर १९७६ साली आलेल्या कलम १३ ब अन्वये दोघांनी मिळून अर्ज करावा. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असा २०१७ चा निर्णय आहे. संमती नसेल, तर क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग ही कारणे कलम १३ मध्ये आहेत. दावा चालू असताना खर्च व पोटगी कलम २४ अन्वये, कायमची पोटगी कलम २५ अन्वये आणि मुलांच्या ताब्याचा आदेश कलम २६ अन्वये मागता येतो. याशिवाय १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते; घटस्फोटित स्त्रीलाही पुनर्विवाह करीपर्यंत हा हक्क आहे. पंचांच्या कागदावर ‘माझी काही मागणी नाही’ अशी ओळ घालून हे हक्क लिहून देणाऱ्या भगिनींनो, सही करण्यापूर्वी थांबा!

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपणांस ऐकविले जाईल. ही म्हण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या सोयीची आहे. पैशाची अडचण असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

वडीलधाऱ्यांनी समजूत घालू नये, असे आमचे म्हणणे नाही. तुटणारा संसार सांधता आला तर अवश्य सांधावा. विहारात बसून दोघांचेही ऐकून घ्यावे. परंतु सल्ला देणे वेगळे आणि निवाडा देणे वेगळे. भगवान बुद्धांनी सिगालाला उपदेश करताना पतीची पत्नीविषयीची कर्तव्ये सांगितली, त्यांत तिचा सन्मान राखणे हे पहिले आहे. तो सन्मान संसार चालू असतानाच राखावयाचा आणि मोडताना पायदळी तुडवावयाचा, असे धम्म सांगत नाही.

म्हणून विवाह लागताच त्याची नोंदणी करा, आणि दुर्दैवाने तो मोडावा लागलाच तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडा. तो हाती येऊन अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या विवाहाची बोलणी करू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात स्त्रीचे भवितव्य पंचांच्या कागदावर ठरता कामा नये.

जयभीम!