दुखरा खांदा आणि आपली बेफिकिरी

व्हॉलीबॉल खेळायचे म्हणजे खांदा दुखणारच, हे आपल्याकडे इतके गृहीत धरले गेले आहे की तक्रार करणारा खेळाडूच नाजूक ठरतो. पाय मुरगळला तर चौघे धावतात. खांदा धरून बसलेल्याला मात्र 'बाम चोळ आणि ये' एवढाच सल्ला मिळतो. महाविद्यालयाच्या संघात मी स्मॅशर होतो, तेव्हा हेच ऐकले. गावोगावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांमध्ये आजही हेच ऐकतो.

घोटा क्षणात सुजतो, म्हणून दिसतो. खांदा वर्षानुवर्षे झिजतो. खुब्याचा सांधा वाटीसारखा खोल असतो. खांद्याची उखळी बशीसारखी उथळ. म्हणूनच हात चहूबाजूंनी फिरतो. त्या उखळीत हाडाचा गोळा स्थिर ठेवण्याचे काम मुख्यतः चार लहान स्नायूंचे. चेंडू जेमतेम २६० ते २८० ग्रॅमचा, पण पुरुषांचे जाळे २.४३ मीटर उंच. उडी घेऊन वेगाने फिरवलेला हात चेंडू मारल्यावर थांबवावा लागतो, आणि हा ब्रेक लावण्यात पाठीमागच्या लहान स्नायूंचा मोठा वाटा असतो. आपली मेहनत मात्र दंड आणि छाती कमावण्यातच संपते.

दुखत नाही म्हणजे सारे ठीक, असेही नाही. खांद्याच्या पात्याजवळचा एक चेतातंतू ताणला वा दाबला गेला, की पात्यामागचा स्नायू वाळू लागतो, अनेकदा वेदनेशिवाय. व्हॉलीबॉलपटूंमधला हा प्रकार डॉक्टरांना परिचित आहे. खेळाडूला तो आरशात दिसत नाही. पाठीमागून पाहणारा जाणता प्रशिक्षकच हवा.

इंग्लंडमध्ये कोवळ्या वयाच्या वेगवान गोलंदाजाच्या षटकांवर मर्यादा आहे. अमेरिकेच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून मुलांच्या फेकी मोजल्या जातात. आपल्याकडे चौदा वर्षांच्या मुलाने सरावात किती स्मॅश मारले, हे कुणी विचारत नाही. त्यासाठी एक वही आणि पेन्सिल पुरे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खांबाला बांधून, कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर ओढण्याचा व्यायामही फुकटच होतो. गोळी घेऊन मुलाला पुन्हा मैदानात ढकलण्यापेक्षा हे सोपे आहे.

आयोजकांनीही एका रात्रीत एका संघावर किती सामने लादायचे, याचा विचार करावा. बक्षीस समारंभात आपण खेळाचे भवितव्य मुलांच्या खांद्यावर देतो. चाळिशीत सदरा चढवताना तोच खांदा कळवळणार असेल, तर त्या चषकाचे मोल काय?