लॅपटॉप भंगारात देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि दर्यापूर-बनोशातले धडधाकट लॅपटॉपही ‘जुने’ ठरले. मला हे मुळीच पटत नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली उतरवा आणि त्यावरूनच मशीन सुरू करून बघा; हार्डडिस्कला धक्काही लागत नाही. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर मजेत. मागचं झाकण उघडलं की पंख्याच्या पात्यांवर आपल्या काळ्या मातीची धूळ थरावर थर बसलेली दिसते. ती मऊ ब्रशने झाडा, जुनी हार्डडिस्क काढून त्याच खाचेत एसएसडी बसवा, मग वेग बघा! मिंटमध्ये मराठी कळफलक आतच असतो. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलेल्या लिनक्सवरच आपल्या सीडॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ प्रणाली उभी आहे. शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना अशी मशीन उघडू द्या, बिघडवू द्या, पुन्हा जोडू द्या. शिकवणीच्या फीपेक्षा ते स्वस्त पडतं. फक्त हे सगळं करण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.