धाकट्या आगगाडीचे सोबती

गेल्या दोन अंकांत ह्या सदरांत घरच्या घरीं पुस्तकें बांधण्याविषयीं लिहिलें होतें. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका गृहिणीचें पत्र आहे. त्या किंचित् रागानेंच लिहितात कीं, सेवानिवृत्त झालेल्या त्यांच्या दिरांनीं माळ्यावर विजेच्या लहान आगगाड्यांचा पसारा मांडला आहे. दर रविवारीं त्यांच्याचसारखे तिघे-चौघे जमतात, चहाचीं आधणें चढतात, आणि घरांतील मुलें वर डोकावलीं कीं 'हात लावूं नका' म्हणून त्यांना हांकलून देतात. ह्यास छंद म्हणावें कीं दुसरें बालपण, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे, आणि ह्या छंदाची थोडीबहुत बाधा मलाही झालेली असल्यामुळें उत्तर देणें मला भागच आहे.

खेळण्यांतील गाड्यास क्षुल्लक मानण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु शूद्रकाच्या प्रसिद्ध नाटकास 'मृच्छकटिक' हें नांवच मुळीं एका मुलाच्या मातीच्या गाड्यावरून मिळालें आहे. चारुदत्ताचा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाड्यासाठीं रडतो, वसंतसेना आपले अलंकार त्याच्या मातीच्या गाड्यांत भरते, आणि पुढें तेच अलंकार मुलाच्या बापास वधस्तंभापर्यंत नेतात. माळ्यावरील गाड्यांमुळें इतका अनर्थ झाल्याचें अद्याप ऐकिवांत नाहीं.

लहान आगगाडी प्रथम खेळणेंच होती. जर्मनींतील मार्क्लिन ह्या पेढीनें १८९१ सालीं लाइप्सिकच्या जत्रेंत ठराविक रुंदीच्या रुळांचे संच मांडले, आणि एका घरीं घेतलेला डबा दुसऱ्या घरच्या रुळांवर चालूं लागला. ह्या छंदांतील सोबतीचें मूळ मला येथेंच दिसतें. ज्या दोन मुलांच्या रुळांची रुंदी एक, त्यांची मैत्री जमण्यास उशीर तो काय! पुढें १९१० सालीं लंडनमध्यें मॉडेल रेल्वे क्लब निघाला. तो मुलांचा नव्हे, प्रौढ गृहस्थांचा. १९२० सालीं फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या बाजारांत आल्या. १९३५ सालीं अमेरिकेंत मिलवॉकी येथें ह्या छंदाच्या भक्तांनीं राष्ट्रीय संस्था स्थापिली, आणि चाकांचीं व रुळांचीं मापें एकसारखीं करण्याचें काम अंगावर घेतलें. माप एक असल्यावांचून देवघेव नाहीं, आणि देवघेवीवांचून मंडळी जमत नाहींत.

मापांचा विषय निघाला आहे तर तो जरा विस्तारानें सांगतों, कारण नवशिका फसतो तो येथेंच. आज सर्वांत अधिक चालणारें प्रमाण मूळच्या एक-सत्त्याऐंशीांशाचें. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. युरोप-अमेरिकेंतील खऱ्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर. तीस ८७ नें भागिलें कीं हीच संख्या येते. येथवर सर्व सरळ. परंतु इंग्लंडांतील इंजिनें मूळचींच आटोपशीर अंगाचीं. ह्या प्रमाणांत केल्यास त्यांच्या पोटांत त्या काळची विजेची मोटर बसेना. तेव्हां कारखानदारांनीं युक्ति काढली कीं, रूळ तसेच ठेवून इंजिनाचें धड तेवढें एक-शहात्तरांशाचें करावें. धड एका मापाचें आणि पाय दुसऱ्या! खरें पाहतां ह्या धडास १८.८३ मिलिमीटरांचे रूळ हवेत. त्या सव्वादोन मिलिमीटरांच्या उणिवेवरून इंग्रज मंडळींत तीन पंथ पडले. एक पंथ १६.५ वर संतुष्ट, दुसरा १८.२ ची तडजोड मान्य करणारा, तिसरा १८.८३ च्या खालीं रेसभरही न उतरणारा. आपल्याकडील द्वैत, विशिष्टाद्वैत आणि अद्वैत ह्यांच्या वादांहून हा वाद फारसा सौम्य नाहीं. मात्र ह्या तिन्ही पंथांचे लोक एकाच प्रदर्शनांत शेजारीं-शेजारीं गाड्या मांडतात, एकमेकांचे सांधे न्याहाळतात, आणि एकाची कानस दुसऱ्याच्या पेटींत सांपडते.

आपली अडचण ह्याहून मोठी. आपल्या रुंद मार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिचें सत्त्याऐंशीांश रूप १९.३ मिलिमीटर, आणि एक-शहात्तरांशाचें २२. म्हणजे बाजारांतील तयार रुळांवर मुंबई-पुण्याची गाडी उभी केली तर ती पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या लठ्ठ गृहस्थासारखी दिसते. माझें मत विचाराल तर पहिलीं दोन वर्षें तिकडे डोळेझांक करावी. ज्यास तें सहन होत नाहीं, त्यानें अरुंद मार्ग निवडावा. एक-एकशेंसाठांश प्रमाणाच्या गाड्यांसाठीं ९ मिलिमीटरांचे रूळ मिळतात. त्यांवर सत्त्याऐंशीांशाचे डबे चढविले तर मूळची रुंदी ७८३ मिलिमीटर धरल्यासारखें होतें; ती ७६२ ला इतकी जवळ आहे कीं डोळ्यांस फरक कळत नाहीं. आणि ७६२ ही पूर्वींच्या बार्शी लाइट रेल्वेची रुंदी. पुलगांव-आर्वीची गाडीही ह्याच रुंदीवर धांवत असे. बार्शीचा मार्ग पुढें रुंद झाला, परंतु एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीं आंखलेली ती छोटी गाडी ज्यांनीं पाहिली त्यांस ती टेबलावर पुन्हां धांवतांना पाहण्यांत जें सुख आहे तें निराळेंच. १९०७ ची नेरळ-माथेरान गाडी ६१० मिलिमीटरांची; तिच्यासाठीं हे रूळ थोडे फताडे होतात, पण चालतात.

आतां दिरांकडे वळूं. 'हात लावूं नका' हें त्यांचें वाक्य मला मुळींच पसंत नाहीं. इंग्लंडांत पीटर डेनी नांवाचे एक धर्मोपदेशक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं बकिंगहॅम नांवाची मांडणी आरंभिली, आणि ती आयुष्यभर वाढवीत राहिले. स्थानकास्थानकांमध्यें खऱ्या रेल्वेप्रमाणें घंटांच्या संकेतांनीं गाडी विचारावी व स्वीकारावी असा त्यांचा नियम. आणि एका स्थानकाचा कारभार त्यांच्या मुलाकडे, क्रिस्पिनकडे, असे. मुलगा मोठा झाला आणि त्यास फुरसत मिळेनाशी झाली, तेव्हां डेनींनीं त्याचें काम करणारें एक यंत्र बनविलें. तें घंटांस उत्तर देई, गाडी सोडी, घेई. त्याचें नांव त्यांनीं 'स्वयंचलित क्रिस्पिन' असें ठेविलें. ह्यांत गंमत आहे, पण मला दर वेळीं घशाशीं कांहींतरी दाटल्यासारखें होतें. मुलांना आज हांकलून देणाऱ्यानें उद्यां कोणाच्या नांवाचें यंत्र करावें? तरी पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं दिरांस एवढें सुचवावें कीं, एक स्थानक, एक सांधा आणि एक घंटा पुतण्यांच्या व पुतणींच्या हवालीं करावी. इंजिन आपल्या हातीं ठेवण्यास हरकत नाहीं. दहा वर्षांचें मूल वेळापत्रक हातीं पडलें कीं मोठ्या माणसाहून अधिक कडक होतें, हा माझा शाळेंतील अनुभव आहे.

वेळापत्रक हीच ह्या छंदांतील खरी मौज. फ्रँक एलिसन ह्या अमेरिकन गृहस्थानें १९४० नंतरच्या वर्षांत मांडणीची तुलना रंगभूमीशीं केली होती: रूळ हा रंगमंच, गाड्या हीं पात्रें, आणि वेळापत्रक हें कथानक. एकटा मनुष्य गाडी वर्तुळांत फिरवून अर्ध्या तासांत कंटाळतो. चौघांनीं मिळून एक ड्रायव्हर, एक गार्ड, एक स्टेशनमास्तर आणि एक नियंत्रक असे अधिकार वाटून घेतले, तर मालगाडीस बाजूस टाकून मेल पुढें काढण्यांत दुपार सरते. आमच्या मंडळींत एक घड्याळजी आहेत. ते घड्याळाच्या कांट्यांची गति बारा पटींनीं वाढवून देतात, म्हणजे पांच मिनिटांत रेल्वेचा एक तास होतो. ते नियंत्रक असले कीं आमच्यांतील निवृत्त पोस्टमास्तरसुद्धां, ज्यांनीं उभ्या जन्मांत कोणाचें ऐकलें नाहीं, 'अण्णा, सिग्नल द्या हो' म्हणून विनवितात.

अशा मंडळींतून काय निघेल ह्याचा नेम नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्यासंस्थेंत विद्यार्थ्यांचें असेंच एक मंडळ १९४६ सालीं निघालें. कांहीं जण वर डोंगर-झाडें रंगवीत, तर कांहीं टेबलाखालीं शिरून दूरध्वनींतील जुन्या विद्युत्-कळांचें जाळें विणीत. टेबलाखालच्या ह्या मंडळींनींच पुढें १९५९ च्या सुमारास त्या संस्थेच्या संगणकावर रात्री जागवावयास आरंभ केला. आणि 'हॅकर' हा शब्द प्रथम ह्यांच्याच बोलींत रुळला. त्या वेळीं त्याचा अर्थ चोर असा नव्हता, युक्तिबाज कारागीर असा होता.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. चढ देतांना पन्नासांत एकाहून अधिक देऊं नये. खालून गाडी जाईल एवढें, म्हणजे साडेसात सेंटिमीटर, वर चढावयाचें तर पावणेचार मीटर लांबी लागते हें आधीं मोजावें. पुष्कळांचे बेत येथेंच कोसळतात. खरा बोरघाट सदतिसांत एक आहे, पण त्यास मागून ढकलणारीं इंजिनें असतात. ज्यांची जागा आंखूड आहे त्यांनीं त्याच घाटांतील १९२९ पर्यंत चालू असलेल्या उलटफेरीच्या स्थानकाचा कित्ता गिरवावा. गाडी एका टोंकास जाते, इंजिनाची दिशा बदलते, आणि ती वरच्या अंगास निघते. थोड्या जागेंत मोठा चढ साधतो.

खडीसाठीं नदीची बारीक वाळू चाळून घ्यावी आणि तींतून लोहचुंबक दोन वेळां फिरवावें. लोखंडाचे कण राहिले तर ते मोटरींत ओढले जातात, आणि मग घड्याळजींचे पाय धरावे लागतात. खडी कोरडीच पसरावी, भांडीं घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब घातलेलें पाणी वर फवारावें, आणि नंतर निम्मे पाणी घातलेला पांढरा डिंक थेंबाथेंबानें सोडावा. साबण नसला तर डिंक वाळूवर गोळी होऊन बसतो. मातीचा रंग आणण्यासाठीं वापरलेली चहाची पूड उत्तम; मात्र ती कडक उन्हांत पुरती वाळवावी, नाहीं तर श्रावणांत तिला बुरशी येते.

तारेस डाख लावतांना राळेचाच लेप वापरावा. आम्लाचा वापरल्यास काम त्या दिवशीं झकास होतें आणि वर्षानें हिरवें पडतें. रुळांच्या सांध्यावर विजेसाठीं विसंबूं नये; दर तीन-चार फुटांस खालून तार द्यावी. रूळ काळे पडले तर कांचकागद घासण्याचा मोह आवरावा, कारण ओरखड्यांत मळ अधिक धरतो. सुती फडकें आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजवून पुसावें, आणि तें करतांना जवळ दिवा किंवा उदबत्ती नसावी. चाकांसाठीं तेंच फडकें रुळांवर आडवें टाकून इंजिनाचीं निम्मीं चाकें त्यावर व निम्मीं रुळांवर ठेवावीं, इंजिन हातानें धरून वीज सोडावी. मग बाजू बदलावी. तेल सुईच्या टोंकानें, एक थेंब. तेलावांचून मेलेल्या इंजिनांहून तेलांत बुडून मेलेलीं अधिक, असें घड्याळजी सांगतात.

एक अप्रिय विषय राहिला. कॅलिफोर्नियांतील जॉन ॲलन यांची मांडणी ह्या छंदांतील लोकांस तीर्थासारखी होती. ते जानेवारी १९७३ मध्यें वारले, आणि दहाच दिवसांनीं आगींत तिचा बहुतेक भाग गेला. उलट, इंग्लंडांतील जॉन अहर्न १९६१ सालीं वारले, आणि त्यांची मॅडर व्हॅली पेंडन येथील संग्रहालयानें सांभाळली. डेनी यांची बकिंगहॅमही त्यांच्या पश्चात् एका स्नेह्यानें आपल्याकडे नेऊन चालती ठेविली. पुण्यांत कोथरुड येथें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं लघुरेल्वेचें संग्रहालय उघडलें, म्हणून एका माणसाचा छंद आज परगांवच्या मुलांसही पाहावयास सांपडतो. सर्वांना असें भाग्य लाभत नाहीं.

आमच्या पांचांपैकीं एक जण दोन वर्षांपूर्वीं गेले. महिन्याभरानें वहिनींनीं बोलावणें धाडिलें. पलंगाखालीं, कपाटावर, धान्याच्या जुन्या डब्यांत, सर्वत्र खोकीं. त्या म्हणाल्या, "भावजी, भंगारवाला किलोच्या भावानें मागतो आहे. मला ह्यांतलें कांहीं कळत नाहीं. ते असतांना विचारलें तर म्हणायचे, किंमत विचारूं नकोस. देऊन टाकूं का?" त्यांच्या मुलीचें शिक्षण चालू होतें, आणि त्या खोक्यांत किती पैसा पडला होता हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. आम्ही चौघे पांच रविवार तेथें बसलों. साडेतीनशेंवर नग निघाले. निम्म्या खोक्यांवर त्यांच्या बारीक अक्षरांत चिठ्ठ्या होत्या, निम्म्यांवर कांहींच नाहीं. कोणतें पितळी इंजिन हातानें घडविलेलें आणि कोणतें बाजारी, हें ओळखण्यास आम्हांस इतर गांवच्या छांदिष्टांस छायाचित्रें पाठवावीं लागलीं. त्यांनीं किंमती कळविल्या, आणि आश्चर्य असें कीं कोणीही कमी कळविल्या नाहींत; उलट एकानें 'हें विकूं नका, मुलीसाठीं ठेवा' असें लिहिलें. आम्हीं एकच नियम पाळिला: आमच्यापैकीं ज्यास जी वस्तु हवी असेल त्यानें तिची किंमत बाहेरच्या माणसाकडून ठरवून घ्यावी. जें विकलें गेलें त्यांतून मुलीचीं दोन वर्षांचीं शुल्कें भागलीं. चार डबे आणि एक इंजिन तिनें ठेवून घेतलें.

तेव्हांपासून आमच्यांतील प्रत्येकानें एक वही केली आहे. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने: नग, माप, कोठून व केव्हां घेतला, काय दिलें, कोणी दुरुस्त केला, आणि शेवटचा रकाना, तो कोणास विचारून विकावा. वही देवघराच्या कपाटांत असते, माळ्यावर नव्हे, आणि ती कोठें आहे हें घरांतील दोघां माणसांना ठाऊक असतें. पोस्टमास्तरांनीं आपल्या वहींत किंमतीचा रकाना बरेच दिवस कोरा ठेविला होता. गेल्या रविवारीं त्यांच्या मंडळींनींच तो त्यांच्याकडून भरून घेतला. आंकडे वाचून त्या कांहीं बोलल्या नाहींत, फक्त दुसऱ्या वेळेचा चहा आला नाहीं.