पहिला तास नको

आमवात झालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. ‘आता आराम करा’ आणि ‘झेपत नसेल तर नोकरी सोडा’. दोन्ही मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, मला आमवात आहे, आणि शिकवणं सोडायचा माझा विचार नाही.

उतारवयात गुडघे झिजतात, तो आजार वेगळा. तिथे चाललं की दुखणं वाढतं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. बोटं, मनगटं, पावलं सुजतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दुपटी-तिपटीने दिसतो, आणि पुष्कळदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे ऐन कामाच्या वयात गाठतो. सगळ्यात वाईट वेळ सकाळची. रात्रभर हालचाल नसल्याने सांधे आखडतात, ते सुटायला तास-तास लागतो. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, कुकरचं झाकण फिरत नाही, साडीच्या निऱ्या हातातून सुटतात. त्याच हातांनी दुपारी बाराला मी फळाभर समास लिहिते. बघणाऱ्याला मग सकाळचं दुखणं खोटं वाटतं. हे ऐकून घेणं मला दुखण्याहून जड जातं.

एका शाळेत मला सकाळचं अधिवेशन होतं. दुपारचं मागितलं, तर ‘बिनपगारी रजा घ्या’ असं उत्तर आलं. पुढे आलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी दुपारचे तास दिले, माझे वर्ग तळमजल्यावर आणले. शाळेला एक पैसाही खर्च आला नाही. बाकीचं माझं मी बसवलं. बारीक खडू चिमटीत धरला की अंगठ्याचं मूळ ठणकतं, म्हणून खडूवर रबरी नळीचा तुकडा चढवते. पकड जाड झाली की जोर कमी लागतो. अक्षर बोटांनी न वळवता खांद्यातून हात फिरवून लिहिते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका बैठकीत संपवत नाही, चार-पाच तपासल्या की उठते, मुठी उघडते-मिटते.

सुजून गरम झालेल्या सांध्याला विश्रांती द्यावीच. पण सूज ओसरली की त्याला हलतं ठेवावं लागतं, नाहीतर स्नायू रोडावतात आणि सांधा आणखी अडतो. चालणं, पोहणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये तर पडून राहिल्याने कंबर जास्त धरते, हालचालीने मोकळी होते.

औषधाबाबत मात्र तडजोड नको. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, सांध्याची होणारी हानी थांबत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्झेटसारखी औषधं लागतात. मेथोट्रेक्झेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. आणि बोटांची सूज, सकाळचं आखडणं काही आठवडे टिकलं तर तेल चोळत बसू नका, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला गाठा. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देण्याचं बंधन घातलं आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की लेखनिक मिळायला ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. खडू धरणाऱ्या हातालाही तोच न्याय लावायला हवा.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. जूनमध्ये वेळापत्रक लावण्याआधी आपल्या शिक्षकांना एकदा विचारा, कुणाला सांध्यांचा असा आजार आहे का. असेल, तर त्यांना रजा सुचवू नका. पहिला तास तेवढा दुसऱ्याला द्या.