आधी आभार, मग झडती

या आठवड्यात नजर अडली ती एका क्रमावर. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत: देवाचे आभार, पाप ओळखण्यासाठी कृपेची याचना, दिवसाची तासातासाने झडती, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. पापं मोजायला बसलेल्याला हे गृहस्थ आधी आभार मानायला लावतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. आपल्या बहुतेक प्रार्थना म्हणजे वरच्या कचेरीत टाकलेले अर्ज, सोबत तक्रारींची पुरवणी. पदरात काय पडलंय ते आधी पाहिलं, की माणूस चूक कबूल करताना ऊरही बडवत नाही आणि सारवासारवही करत नाही. कुणी म्हणेल, ही पोटभरल्यांची चैन. पण आभारासह मागणं देवापुढे मांडा, हे संत पौलाने फिलिप्पैकर ख्रिस्ती मंडळींना पत्रातून कळवलं ते कैदेत असताना. मागूच नका, असं त्याने म्हटलेलं नाही. आभार मानणारा अन्याय निमूट गिळतो, हा आक्षेपही टिकत नाही, कारण तिसऱ्या पायरीवर झडती आहेच. झडती टाळून मानलेले आभार ही निव्वळ खुशामत, आणि देवाकडे खुशमस्कऱ्यांची मुळीच वानवा नाही.