सांगोलेकरांनो, आता प्रश्न आपण विचारायचे!



7 मे 2024 रोजी भर उन्हात रांगा लावून आपण लोकसभेसाठी मतदान केले. 4 जूनला निकाल लागला, गुलाल उधळला, माढा मतदारसंघाला नवे खासदार मिळाले. तरीही एसटी स्टँडवर, चावडीवर, डाळिंबाच्या बागेत एकच बोलणे ऐकू येते : "कुणीबी निवडून येऊ द्या, आपल्याला काय फरक पडतोय?" असे बोलणाऱ्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याचा राग खरा आहे. तो राग वाया जाऊ नये, यासाठी हे आवाहन.

राग येण्यासारखेच घडले आहे. माढ्यात 2009 पासून चार निवडणुका झाल्या आणि चार वेगळे खासदार झाले : शरद पवार, विजयसिंह मोहिते पाटील, रणजितसिंह नाईक निंबाळकर आणि आता धैर्यशील मोहिते पाटील. 2019 चे विजयी उमेदवार ऐन निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमधून भाजपमध्ये आले होते. 2024 चे विजयी उमेदवार ऐन निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून शरद पवारांच्या पक्षात आले. 2019 ला धनुष्यबाणावर निवडून आलेले आपले आमदार जून 2022 मध्ये शिवसेनेच्या फुटीत गुवाहाटीला गेले. तिथल्या एका संवादाने सांगोल्याचे नाव देशभर झाले, आपल्या पाण्याच्या प्रश्नाने मात्र ते कधी झाले नाही. या सगळ्यात मतदाराला कुणी एका शब्दाने विचारले नाही.

कायदा आपल्याला वाचवेल, ही आशाही सोडून द्यावी. पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे. शिवसेनेच्या फुटीवर विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 रोजी निकाल दिला, त्यात दोन्ही गटांचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत तर 2022 नंतर काही वर्षे लोकांचा माणूसच नव्हता. निवडणुका कोर्टात अडकल्या होत्या आणि कारभार प्रशासक पाहत होते. गावचा रस्ता अडला तर जाब विचारायला सदस्य उरलेला नव्हता.

आणि आपले मूळ दुखणे पाण्याचे. टेंभू योजना असो, म्हैसाळ योजना असो की नीरा उजवा कालवा, सांगोला सगळीकडे टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. वरच्या तालुक्यांची भरणी झाली की उरलेले पाणी आपले, तेही उरले तर! ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत सांगोला होता. तेल्या रोगाने आणि खोडकिडीने डाळिंबाच्या किती बागा काढून टाकाव्या लागल्या, हे प्रत्येक गाव जाणते. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, पंतप्रधानांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. ती सोय कायमची का झाली नाही, हे प्रचारसभेत कुणी सांगितले का? आणि आपण कुणी विचारले का?

म्हणून काही जण म्हणतात, 'नोटा' दाबू, नाहीतर घरीच बसू. 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी उरलेल्यांत ज्याला अधिक मते, तोच निवडून येतो. आणि घरी बसण्याचा हिशेब सांगोल्याला नव्याने सांगायला नको. 2019 ची आपली विधानसभा 768 मतांनी ठरली. एका मोठ्या गावाने मनात आणले असते, तर निकाल फिरला असता.

मतदाराचा धाक काय असतो, हे याच तालुक्याने महाराष्ट्राला दाखवले आहे. गणपतराव देशमुखांना आपण अकरा वेळा विधानसभेत पाठवले, आणि 1972 ला व 1995 ला पाडलेही. पडल्यावर त्यांनी झेंडा बदलला नाही, लोकांत राहिले, पाणी परिषदांमधून दुष्काळी तालुक्यांसाठी भांडत राहिले. त्यांच्या पक्षाला मत द्या, असे माझे म्हणणे नाही. त्या पक्षाच्या उमेदवारालाही बाकीच्यांसारखेच प्रश्न विचारायचे आहेत. मात्र पुढाऱ्याने कसे वागावे, याचे माप आपल्याकडे आहे. ते माप सर्वांना लावा.

 पुढच्या निवडणुकीआधी प्रत्येक गावाने तीन कामे करावीत.

पहिले : मतदार यादी. आपल्या घरातल्यांची नावे यादीत आहेत का, ते बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) जाऊन आजच तपासा. 18 वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींचे, लग्न होऊन आलेल्या सुनांचे अर्ज भरून घ्या. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून काही होत नाही.

दुसरे : 15 ऑगस्टची ग्रामसभा. गणपूर्तीला गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांतले जे कमी असेल तेवढे लागतात. एवढी माणसे तर सप्त्याच्या पंगतीला सहज जमतात. बाया-बापड्यांसह या आणि गावाच्या पाच मागण्या ठरावात लिहून घ्या : आवर्तनाचे वेळापत्रक, टेलपर्यंत पाणी, पीकविमा, रस्ता, शाळा, जे तुमच्या गावाला लागू असेल ते.

तिसरे : लेखी उत्तर. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या हाती तो ठराव द्या आणि सहीनिशी उत्तर घ्या. त्यात एक प्रश्न सर्वांना सारखाच असू द्या : पक्ष बदलायची वेळ आली, तर आधी राजीनामा देऊन पुन्हा आमच्यापुढे येणार का? उत्तर चावडीवर लावा. जो सही करणार नाही, त्याचे नावही लावा.

कुणाच्या गाडीत बसू नका, कुणाचे पाकीट घेऊ नका. पाकीट घेतलेल्या हाताला पुढची पाच वर्षे जाब विचारता येत नाही. भावकी, जात, पाहुणेपणा बाजूला ठेवा. कॅनॉलचे पाणी जात विचारून येत नाही.

रागावलेल्या प्रत्येक मतदाराला हात जोडून विनंती आहे : राग गिळू नका आणि घरी बसू नका. 15 ऑगस्टला ग्रामसभेला या आणि ठरावाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

आपला,
सांगोला तालुक्यातील एक मतदार