नाव बदलले, बिऱ्हाड हलले नाही

#धागा #संगणकाचा_इतिहास

‘कंट्रोल पॅनेल’ म्हणजे जुनाट आणि ‘सेटिंग्ज’ म्हणजे आधुनिक, असा समज तरुणांत रूढ आहे. इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

जानेवारी १९८४. पहिल्या मॅकिंटॉशचे कंट्रोल पॅनेल ही एकच लहानशी खिडकी होती. सुझन केअर आणि अँडी हर्ट्झफेल्ड यांची ती निर्मिती. आवाज, घड्याळ, माउसचा वेग, पडद्यामागची नक्षी, कळ दाबून धरल्यास अक्षरे किती भराभर उमटावीत, हे सारे तिच्यातच ठरे. शब्द जवळजवळ नव्हतेच. मंद-जलद दाखवायला कासव आणि ससा. (शर्यत कोण जिंकले, हा प्रश्न तिथे गैरलागू होता.) ज्या एकीकरणासाठी पुढे बलाढ्य कंपन्यांनी दशके खर्ची घातली, ते या खिडकीत जन्मतःच होते.

ते मोडले वाढीमुळे. १९९१ च्या ‘सिस्टिम ७’मध्ये प्रत्येक पॅनेल ही स्वतंत्र फाइल झाली आणि ‘कंट्रोल पॅनेल्स’ हे नुसते फोल्डर उरले. विंडोजमध्ये १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून कंट्रोल पॅनेल होते. पुढे ‘सीपीएल’ फाइलींमुळे कोणत्याही यंत्रविक्रेत्याला तिथे आपले चिन्ह मांडता येऊ लागले. गर्दी झाली खरी. पण दार एकच होते, आणि ते कुठे आहे हे सर्वांना ठाऊक होते.

खरा अपराध २०१२ मधला. विंडोज ८ ने ‘पीसी सेटिंग्ज’ नावाचे नवे घर बांधले आणि जुने रिकामे केलेच नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आले, नाव नुसते ‘सेटिंग्ज’ झाले. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तरी दोन्ही घरे नांदतीच. माउसची जास्तीची सेटिंग्ज मागावीत, तर नव्या खिडकीतून जुनीच चौकट पुढे येते. ‘ओडीबीसी’च्या एका कोपऱ्यात तर फाइल निवडण्याची चौकट थेट १९९२ च्या विंडोज ३.१ च्या वळणाची भेटते. हा वारसा नव्हे; ही अर्धवट सोडलेली कामाची जागा आहे.

बचाव ठरलेला : जुने प्रोग्राम बंद पडतील. युक्तिवाद लंगडा आहे. ॲपलने २००१ मध्ये ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ आणले आणि २०२२ मध्ये ‘व्हेंचुरा’त त्याचे ‘सिस्टिम सेटिंग्ज’ केले. फोनची नक्कल असलेली ती लांबलचक यादी अनेकांना रुचली नाही, आणि ती नाराजी रास्तच होती. तरीही इतर कंपन्यांची जुनी पॅनेल्स त्याच यादीच्या तळाशी चालू राहिली. जुन्याला सांभाळण्यासाठी दुसरे दार लागत नाही, एवढे त्यातून नक्की सिद्ध होते.

लिनक्सच्या जगात उलटाच घोळ झाला. केडीईने २००८ मध्ये ‘केकंट्रोल’ सोडून ‘सिस्टिम सेटिंग्ज’ हे नाव घेतले. २०११ मध्ये ग्नोम ३ नेही तेच उचलले. दोन्ही बसवलेल्या संगणकाच्या मेनूत एकाच नावाच्या दोन नोंदी, आणि कोणती कोणाची याचा पत्ता नाही! तिथे घरे दोन असणे स्वाभाविक होते, कारण कुटुंबेच दोन होती. पाटी मात्र एकच लागली. मायक्रोसॉफ्टकडे कुटुंब एक, आणि पाट्या दोन. यांतला कोणता गोंधळ क्षम्य, हे वेगळे सांगायला नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य-पानावर कंट्रोल पॅनेल निवृत्तीच्या वाटेवर असल्याचे वाक्य झळकले. बातम्या झाल्या, श्रद्धांजल्याही वाहिल्या गेल्या. काही दिवसांतच ते वाक्य बदलले : त्यातील अनेक सेटिंग्ज नव्या ठिकाणी हलवण्याचे काम चालू आहे, एवढेच उरले. म्हणजे २०१२ मध्ये जे सुरू झाले होते, तेच.